तेल संपत नसतं, आप्पा!

धुळ्याच्या देवपुरात तेलाचा विषय काढायचा तर आधी कोणतं तेल ते सांगावं लागतं. नुसतं 'तेल कमी होत चाललंय' म्हटलं की समोरचा माणूस शेवभाजीच्या वाटीकडे पाहतो आणि तर्रीचा बोटभर थर दाखवून तुमचं म्हणणं जागच्या जागी खोडून काढतो. खान्देशात हा पुरावा ग्राह्य धरतात. मग आपण खनिज तेल म्हणतो, कच्चं तेल म्हणतो आणि शेवटी नाइलाजाने 'अहो, पेट्रोल, पेट्रोल' म्हणतो. त्यावर चेहरा बदलतो, पण आपल्याला हवा तसा नाही. पेट्रोल महाग होतं हे सगळ्यांना मान्य आहे. ते कमी होतं हे कोणालाच मान्य नाही. महाग होतं ते सरकारमुळे, कंपन्यांमुळे, अरबांमुळे, अमेरिकेमुळे आणि पंपावरच्या पोऱ्याने मीटर शून्यावर आणलं नाही म्हणून. एवढ्या आरोपींच्या रांगेत खुद्द जमिनीला कोणी उभं करत नाही.

या न मानणाऱ्या माणसाला आपण सोयीसाठी आप्पा म्हणू. दत्तमंदिर चौकाच्या आसपास चहाच्या टपरीवर असे चार-सहा आप्पा कोणत्याही संध्याकाळी सापडतात. कोणी माजी मुख्याध्यापक, कोणी निवृत्त ओव्हरसियर, कोणी गावचं शेत बटाईने देऊन देवपुरात बंगला बांधलेला. त्यांना अडाणी समजून बोलायला जाणारा पहिल्या घोटातच हरतो, कारण आप्पांचा अविश्वास चांगला मुरलेला असतो. १९७२ साली 'लिमिट्स टु ग्रोथ' हे पुस्तक निघालं, पुढच्याच वर्षी अरब देशांनी हात आखडला आणि तीन डॉलरचं पिंप काही महिन्यांत बाराच्या घरात गेलं. त्या दशकात शिकलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं आहे की तेल आता तीसेक वर्षांचं सोबती. हा आकडा कोणी हवेतून काढला नव्हता. जगातला ज्ञात साठा भागिले वर्षाचा खप असा भागाकार १९८० साली केला तर उत्तर तीसच्या आसपासच येत होतं. आता तोच भागाकार आज करा. ज्ञात साठा सुमारे १ लाख ७० हजार कोटी पिंपं, रोजचा खप सुमारे १० कोटी पिंपं. म्हणजे १७ हजार दिवस, म्हणजे ४६-४७ वर्षं. चाळीसहून अधिक वर्षं सगळ्या जगाने मिळून उपसा केला आणि मुदत घटायची सोडून वाढली! अशी बँक कुठे असेल तर आप्पा आपल्या पतसंस्थेतल्या ठेवी उद्याच काढून तिथे ठेवतील. (ठेवी निघाल्या तर. खान्देशात हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

तेव्हा 'तेल संपणार' असं म्हणत आप्पांकडे जाणाऱ्याने आधी एक गोष्ट कबूल करावी, की आप्पांचं हसणं रास्त आहे. खोट आहे ती 'संपणं' या क्रियापदात. डबा संपतो, सुट्टी संपते, सिलिंडर बरोबर पाहुणे आल्यावर संपतं. तेलाचं क्षेत्र असं संपत नाही. आसामात दिगबोईला १८८९ साली विहीर खोदली, १९०१ साली तिथे रिफायनरी सुरू झाली, ती अजून चालू आहे. 'माल संपला' अशी पाटी लावून तिला कोणी कुलूप घातलेलं नाही. फक्त देशाची गाडी दिगबोईवर चालते असं आता कोणी म्हणत नाही. हा फरक पुण्या-मुंबईच्या माणसाला समजावून सांगायला आलेख काढावा लागतो. धुळेकराला नळ दाखवला की पुरतं. अक्कलपाडा धरण भरलं की पांझरा नदीला पाणी सुटतं, पुलावर बघ्यांची गर्दी होते, फोटो फिरतात. आणि त्याच आठवड्यात देवपुरातली माणसं 'तुमच्याकडे आले का नळ?' असे फोन एकमेकांना करत असतात. धरणात किती पाणी आहे हा एक प्रश्न आणि माझ्या बादलीत तासाला किती पडतं हा अगदी वेगळा प्रश्न, हे ज्ञान धुळ्याच्या बालकाला अंगणवाडीच्या आधीच होतं. ४७ वर्षांचा भागाकार हा धरणाचा हिशेब आहे. जग चालतं ते बादलीवर. जमिनीखाली शंभर वर्षांचं तेल असलं तरी रोज १० कोटी पिंपं वर यायला हवीत, तीही परवडेल अशा खर्चात. पुढचं सगळं भांडण या दुसऱ्या अटीचं आहे.

आणि ही अट म्हणजे काय ते यावल-रावेरच्या केळीवाल्याइतकं कोणाला कळणार? अमेरिकेत १८५९ साली ड्रेक नावाच्या माणसाने तेलाची विहीर पाडली, तिची खोली साडेएकोणसत्तर फूट होती. साडेएकोणसत्तर फूट! म्हणजे आपल्याकडची मोटेच्या काळातली दहा-बारा परसांची विहीर. त्यानंतर दीडशे वर्षांनी, २००९ साली, मेक्सिकोच्या आखातात चार हजार फूट समुद्राखाली आणखी भोक पाडत पाडत एक विहीर ३५ हजार फुटांवर नेली. ज्या तरंगत्या यंत्राने ती पाडली त्याचं नाव डीपवॉटर होरायझन. सात महिन्यांनी दुसऱ्या विहिरीवर काम करताना त्याच यंत्रावर स्फोट झाला आणि ११ माणसं गेली. उथळ विहिरीत तेल मुबलक मिळत असतं तर एवढ्या खाली कोण कशाला गेलं असतं? सातपुड्याच्या पायथ्याशी हीच कथा पाण्याची झाली. आधी विहीर, मग विहिरीत आडवे बोअर, मग शेजारी उभं बोअर, मग तमिळनाडूच्या नंबरप्लेटची गाडी रात्रभर धडधडत शेकड्यांनी फूट खाली जाते, मोटारीची हॉर्सपॉवर वाढते, केबल वाढते, पाइप वाढतात. भूजलाच्या सरकारी नोंदीत यावल आणि रावेर अतिउपशाचे तालुके म्हणून किती तरी वर्षं आहेत, आणि तरी केळी उभी आहे. 'पाणी संपलं' असं तिथे कोणी म्हणत नाही. 'पाणी खाली गेलं' म्हणतात. काय नेमका शब्द आहे! तेलाच्या अभ्यासकांनी साठ वर्षं 'शिखर', 'घट', 'अंत' असले शब्द वापरून लोकांना घाबरवण्यात घालवली. एखाद्या फैजपूरच्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात विषय मिटवला असता. तेल खाली गेलं.

लांबचे दाखले आप्पांना पटत नाहीत, म्हणून घरचा घेऊ. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात 'सागर सम्राट' या विहिरी पाडणाऱ्या यंत्राने फेब्रुवारी १९७४ मध्ये तेल शोधलं, १९७६ साली उत्पादन सुरू झालं. हे 'बॉम्बे हाय' देशाला इतकं लाडकं झालं की सागर सम्राटचं चित्र एक रुपयाच्या नोटेवर आलं. २०१५ साली ही नोट पुन्हा छापायला घेतली तेव्हाही मागे तेच चित्र होतं. ऐंशीच्या दशकात तिथून दिवसाला चार लाख पिंपांच्या वर तेल येत असे. आता त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतं, आणि तेही इतकी नवी भोकं पाडून, पाणी आत ढकलून, जुन्या विहिरींची मनधरणी करून; २०२५ च्या सुरुवातीला तर उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीला मदतीला बोलावलं. सगळ्या देशाचं उत्पादन २०११-१२ मध्ये सुमारे ३ कोटी ८० लाख टनांवर पोचलं होतं. २०२३-२४ मध्ये ते ३ कोटींच्याही खाली होतं. आज आपण लागणाऱ्या कच्च्या तेलातलं शंभरातलं पंच्याऐंशीहून जास्त बाहेरून आणतो. आप्पांनी लग्नाच्या आहेरासाठी जपून ठेवलेल्या नोटांची गड्डी एकदा उलटी करून पाहावी. पाचशेवर एक द्यायला ती नोट अजून चालते. चित्रातल्या तेलाचं मात्र वय झालं आहे.

इथे आप्पा हुकमाचं पान काढतात, अमेरिका. हबर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने १९५६ साली सांगितलं होतं की अमेरिकेचं तेल-उत्पादन १९७० च्या सुमारास शिखर गाठेल आणि मग उतरेल. १९७० ला शिखर आलं, उतारही लागला. हबर्टचा देव झाला. आणि मग शेल नावाच्या घट्ट खडकाला आडवं भोक पाडून, वाळू-पाण्याचा मारा करून तेल काढायची युक्ती साधली आणि २०१८ साली अमेरिकेने १९७० चा उच्चांक मोडला. 'कुठे गेले तुमचे हबर्ट?' आप्पा विचारतात, आणि हबर्टच्या भक्तांजवळ या प्रश्नाला सरळ उत्तर नसतं. 'त्यांनी नेहमीच्या तेलाबद्दल सांगितलं होतं' असं पुटपुटतात, जसं निवडणूक हरलेला उमेदवार आपल्या वॉर्डात आघाडी होती असं सांगतो. त्यापेक्षा मान्य करावं. माणूस युक्ती काढतो, हे हबर्टने हिशेबात कमी धरलं. पण युक्तीची जातही पाहावी. शेलच्या विहिरीची धार पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येते. म्हणजे आहे तिथे राहण्यासाठीच सतत नवी विहीर पाडत बसायचं. बोअरवर बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याच्या बागेत पाणी दिसतं, हे खरं. बांधावरून जाणाऱ्याला ती बाग हिरवीगार दिसते, हेही खरं. पण त्याच्या पासबुकात काय दिसतं ते बांधावरून दिसत नाही.

दुसरं पान त्याहून मजेदार. २० एप्रिल २०२० या दिवशी अमेरिकेतल्या कच्च्या तेलाच्या वायद्याचा भाव शून्याखाली, उणे ३७ डॉलरवर गेला. तेल घेऊन जा आणि वर पैसेही घेऊन जा! करोनाने जग घरात बसलं होतं आणि विकत घेतलेला माल ठेवायला टाक्या उरल्या नव्हत्या. आता जी वस्तू फुकटाहून स्वस्त झाली ती दुर्मीळ कशी, असं आप्पांचं म्हणणं. लासूरच्या बाजारात भाव पडला म्हणून कांदा रस्त्यावर ओतलेला पाहणाऱ्याने हा प्रश्न विचारावा, याचंच नवल वाटतं. त्याच कांद्याने पुढच्या सहा महिन्यांत कोणाकोणाला रडवलं नाही? भाव हा बाजाराच्या त्या दिवशीच्या प्रकृतीचा ताप असतो. २००८ च्या जुलैत १४७ डॉलर झाला म्हणून तेल त्या महिन्यात आटलं नव्हतं, आणि उणे झाला म्हणून २०२० मध्ये वाढलंही नव्हतं. तेल खाली गेलं की भाव फक्त चढत जाईल, असं सांगणारेही आप्पांइतकेच चुकतात. तो हिंदकळतो. वर गेला की माणसं गाडी कमी काढतात, नव्या विहिरी निघतात, मग पडतो. पडला की विहिरी बंद होतात, मग पुन्हा चढतो. या हिंदकळण्यालाच आप्पा पुरावा मानतात, प्रत्येक उतारावर आपलं खरं झालं म्हणून चहा सांगतात, आणि चढावर त्याचे पैसे दुसऱ्याला द्यायला लावतात.

मग साठा वाढला तो कसा, हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळू नये. काही खरोखर सापडला, काही युक्तीमुळे काढण्याजोगा झाला, आणि काही कागदावर वाढला. १९८५ साली कुवेतने आपला साठा सुमारे साडेसहा हजार कोटी पिंपांवरून ९ हजार कोटींवर नेला. १९८८ च्या सुमारास सौदी अरेबियाने १७ हजार कोटींवरून साडेपंचवीस हजार कोटींवर उडी घेतली. मधल्या काळात एवढं मोठं नवं क्षेत्र कोणाला सापडल्याचं ऐकिवात नाही. सौदीचं सगळ्यांत मोठं घवार क्षेत्र १९४८ सालचं आहे. मात्र त्याच सुमारास ओपेक संघटनेत कोणी किती तेल विकायचं याचे वाटे पडत होते, आणि वाट्यासाठी साठा जमेस धरावा असा विचार चालला होता. ज्या मुलखात अनुदानासाठी कागदावर विहिरी खोदण्याची परंपरा आहे तिथल्या वाचकाला यापुढे काही सांगायला नको. पांझरेच्या त्या तीरावर राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे कागदासाठी गावोगाव हिंडले, पण कागद हाती आला म्हणून लगेच त्यावर विश्वास ठेवला नाही. तो कोणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला, हे आधी विचारलं. आप्पा तेलाच्या विरोधात बोलणाऱ्याला ही कसोटी लावतात. बाजूने बोलणाऱ्याला लावत नाहीत, एवढीच तक्रार.

याच्याही पुढे जाणारे एक-दोन आप्पा असतात. त्यांचं म्हणणं, तेल पृथ्वीच्या पोटात आपोआप तयार होतं आणि उपसलं तरी भरून निघतं. हे त्यांनी शोधलेलं नाही. रशियात १९५० च्या दशकात असा पक्ष होता, आणि थॉमस गोल्ड नावाच्या नामांकित शास्त्रज्ञाच्या भरवशावर स्वीडनमध्ये सिल्यान इथे ऐंशीच्या दशकात ग्रॅनाइटमध्ये सहा किलोमीटरहून खोल भोक पाडलं गेलं. निघाला तो थोडासा काळा गाळ, आणि तोही यंत्रात घातलेल्या वंगणाचाच असेल अशी शंका निघाली. शास्त्राचा बहुमताचा निकाल असा की तेल हे प्राचीन समुद्रांतल्या सूक्ष्म जीवांचं, कोट्यवधी वर्षं दाबून शिजवलेलं. (डायनासोरचं नव्हे. हा गैरसमज जगभर आहे.) पण समजा भरून निघतं; किती वेळात, ते विचारावं. नळही येतोच. उरलेल्या आप्पांची खात्री आहे की तेल आपल्याच खाली आहे आणि सरकार मुद्दाम काढत नाही. यात दाणाभर तथ्य आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सांडलेल्या आपल्या काळ्या पत्थराखाली जुन्या गाळाचे थर आहेत, आणि देशातल्या २६ गाळखोऱ्यांच्या सरकारी यादीत 'डेक्कन सिनेक्लाइज' हे नाव आहे. विक्रीजोगं तेल तिथून आजवर निघालेलं नाही. आणि निघालं तरी ते कुठून निघेल? शेकडो मीटर पत्थर फोडून. उथळ असतं तर आपल्या पाणाड्यांच्या नारळाला ते केव्हाच लागलं असतं.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शेवटी येतो, आणि तो तरुण आप्पांचा असतो. तेल खाली गेलं तर जाऊ द्या. आम्ही ते सोडून देऊ. सौदीचे माजी तेलमंत्री यामानी यांच्या नावावर एक वाक्य सांगतात, की अश्मयुग काही दगड संपले म्हणून संपलं नाही. खान्देशात दगडांची जी मुबलकता आहे ती पाहता हे वाक्य इथे लगेच पटतं. शिवाय पुरावा डोळ्यांसमोर आहे: साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग फिरते, शिवाजीनगरला २०१३ पासून १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, मक्यापासून इथेनॉल होतं, रिक्षा बॅटरीवर चालू लागल्या. हा आक्षेप बराचसा खरा आहे, आणि जितका खरा आहे तितका तो आमच्याच बाजूचा आहे. तेल सोडून देण्याची तयारी करणारा माणूस तेल अडचणीत आलंय हे मानूनच तयारी करतो ना? फक्त पल्ला किती, ते पाहावं. धुळं हे मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडच्या महामार्गांच्या तिठ्यावरचं गाव. रात्री नगावबारीला उभं राहिलं तर देशाचं डिझेल डोळ्यांसमोरून जातं. ते ट्रक रिक्षाइतक्या सहज बॅटरीवर जात नाहीत. मका ट्रॅक्टरशिवाय उगवत नाही आणि त्याचा युरिया नैसर्गिक वायूतून येतो. रस्त्याचं डांबर तेलातलं. आणि जळगावने देशभर नेलं ते थेंब-थेंब पाणी वाचवणारं ठिबक, त्याची नळी, केळीच्या घडाला घालायची पिशवी, दोन्ही प्लास्टिकची, म्हणजे मुळात तेल-वायूचीच. पाणी खाली गेलं म्हणून ठिबक आलं, आणि ठिबकासाठी तेल खाली चाललं. असा हा आमचा आधुनिक रहाट.

गंमत अशी की हा सगळा विषय ज्या पांझरेकाठी चालतो, तिथल्या लोकांनी तो तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच सोडवून ठेवला होता. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकऱ्याने द्यायचं आणि मालकाने स्वतः दारं धरायला जायचं नाही. पाणी कमी दिसलं त्या वर्षी एखादा फड सगळ्यांनी मिळून कोरडा ठेवायचा. नदी संपणार की नाही यावर कोणी वाद घातल्याची नोंद नाही. धार किती आहे एवढंच पाहत होते. आता जगातल्या तेलाला पाटकरी नेमायचा तर कोणाला, हे सांगणं कठीण. अर्ज करणारे सगळे स्वतःच दारं धरून उभे आहेत.

एवढं सगळं सांगून झालं की आप्पा थोडा वेळ गप्प राहतात. मग विचारतात, 'बरं, मंग पेट्रोल लिटरला किती होईन?' याचं उत्तर प्रामाणिक माणसाला देता येत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आप्पांना मात्र तेवढंच हवं असतं. उत्तर नाही म्हणजे मुद्दा नाही, असा निकाल लागायची वेळ येते. बहुतेक वेळा तो लागत नाही, कारण तेवढ्यात कोणाच्या तरी खिशातला फोन वाजतो आणि घरून निरोप येतो, नळ आले. अर्धा कप चहा तसाच टाकून सगळे आप्पा उठतात. धरण भरलेलं आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी जो तो घाईने घरी जातो, शेजाऱ्याच्या आधी मोटार लावायला.